फ्रायरच्या टाकीला कपॅसिटिव्ह सेन्सर : पाण्यावर सेट करू नका

म्हणजे तुमचं झालंय असं, की फरसाणाच्या 40 लिटरच्या इलेक्ट्रिक फ्रायरला तेलाची पातळी कळावी म्हणून बाहेरून चिकटवायचा कपॅसिटिव्ह सेन्सर (म्हणजे विजेचा चार्ज किती साठतो त्यावरून पातळी ओळखणारा) लावला, तो प्लास्टिकच्या कॅनवर मस्त चालला पण स्टीलच्या टाकीवर ढिम्म, मग आत दांडीवाला प्रोब (नळीत बसवलेली दांडी, हाही तसाच सेन्सर) सोडला, पाणी भरून सेट केला आणि आता तेल भरलं तरी टाकी रिकामीच दाखवतोय.

पहिल्याचा नाद सोडा, स्टील फील्ड अडवतं, त्याला पलीकडचं काही कळणारच नाही.

दुसऱ्याचं गणित बघा. हवेचा डायइलेक्ट्रिक आकडा (तो पदार्थ मध्ये असला की चार्ज किती पट साठतो तो) 1, तेलाचा साधारण 3, पाण्याचा 80. म्हणजे 8 मिमीची दांडी 16 मिमीच्या नळीत असेल तर 10 सेंमी उंचीला हवेत 8 पिकोफॅरड (चार्ज साठवण्याच्या क्षमतेचं माप) येतात, तेलात 25 च्या आसपास. फरक फक्त 17 चा! पाण्यावर सेट केला की तो पाण्याच्या मोठ्या आकड्यालाच भरलेलं समजतो, म्हणून तेल त्याला रिकामं वाटतं. त्यात सेन्सरची साधी कोअॅक्सियल केबल (टीव्हीच्या केबलसारखी) दर मीटर लांबीला 100 पिकोफॅरड खाते, ती नुसती हलली तरी रीडिंग नाचतं. म्हणून केबल शक्य तितकी आखूड, शील्डवाली आणि क्लॅम्प करून घट्ट बसवलेली पाहिजे, टाकीचं अर्थिंग पक्कं, आणि कॅलिब्रेशन (रिकामं-भरलेलं सेट करणं) तुम्ही वापरता त्याच तेलावर, तेही तळणाच्या तापमानाला. गार तेल 180 डिग्रीला गेलं की साधारण 10 टक्के फुगतं, त्यामुळे खालची खूण गार तेलात हीटर पूर्ण बुडून वर दोन बोटं राहतील अशी ठेवा आणि वरच्या खुणेला फुगायला जागा सोडा. घाणा टाकल्यावर बुडबुड्यांनी आकडा उड्या मारतो, तिथे 15-20 सेकंदांचा अॅव्हरेज घ्या.

आता खरी काळजीची गोष्ट, सेन्सर चुकला तर कुठल्या बाजूला चुकतो ते. वायर तुटली तर तो रिकामं दाखवतो, हीटर बंद, ठीक आहे. पण दांडी आणि नळीच्या फटीत तेलाचं कीट साचलं, पिठाचा चुरा अडकला, की तेल खाली गेलं तरी तो भरलेलंच सांगतो. मी स्वतः एका किचनमध्ये पाहिलंय, रात्री टाकी पाण्याने उकळून धुतली, फटीत पाणी अडकून राहिलं, सकाळी तेल भरायच्या आधीच कंट्रोलर "भरलंय" म्हणाला आणि हीटर कोरडाच लाल झाला. पोरगा समोरच होता म्हणून त्याने मेन पाडला. त्यानंतर मी फट मोठी ठेवतो, नळीला खाली-वर मोठी भोकं पाडतो आणि धुतल्यावर प्रोब काढून कापडाने कोरडा पुसल्याशिवाय पॅनल चालू करू देत नाही. दांडीवर टेफ्लॉन चालेल, 260 डिग्रीपर्यंत टिकतं, पण ते कोरड्या हीटरला टेकेल असं बसवू नका.

आणि हात जोडून सांगतो, फक्त या सेन्सरच्या भरवशावर हीटर ठेवू नका. हाताने रिसेट करायचा हाय-लिमिट थर्मोस्टॅट (तापमान हद्दीबाहेर गेलं की हीटर तोडणारा) वेगळा, त्याचा कॉन्टॅक्टरही (हीटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) वेगळा, कंट्रोलरच्या प्रोग्रॅममधून न जाणारा. तो नसेल तर आधी तो बसवा, पातळीचं सेटिंग नंतर बघू.