तापणारे पुढचे ब्रेक आणि आर.सी.त नसलेले तिसरे चाक

प्रश्न : मी कांदिवलीला राहतो. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझा उजवा पाय अधू आहे आणि माझ्याकडे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र आहे. चार महिन्यांपूर्वी पनवेलच्या एका गॅरेजकडून मी माझ्या ३५० सीसी मोटारसायकलला मागे दोन चाके बसवून ती तीनचाकी करून घेतली. पायाने ब्रेक दाबता येत नसल्यामुळे पुढचे आणि मागचे दोन्ही ब्रेक एकाच हाताच्या लिव्हरला आणि एकाच मास्टर सिलिंडरला (लिव्हर दाबली की ब्रेकच्या तेलावर दाब देणाऱ्या भागाला) जोडले आहेत. १,३५,००० रुपये दिले, त्याचे बिल आहे. पहिल्या आठवड्यापासून पश्चिम द्रुतगती महामार्गावर थोडे अंतर गेले की पुढची डिस्क तापून जळका वास येतो, लिव्हर कडक होते आणि चाक जाम होते. अर्धा तास थांबले की पुन्हा मोकळे होते. मी व्हॉट्सॲपवर सतत तक्रार केली. गॅरेजने दोनदा पॅड बदलले आणि आता ‘तुम्ही ब्रेक दाबून गाडी चालवता’ असे सांगतात. पुन्हा फुकट दुरुस्ती करू म्हणतात, पण ‘कोणतीही तक्रार नाही’ असे आधी लिहून मागतात. आर.सी.त (नोंदणी प्रमाणपत्रात) बदलाची नोंद केलेली नाही. माझा पुतण्याही अधूनमधून गाडी नेतो. ग्राहक आयोगात गेलो तर प्रकरण माझ्यावरच उलटेल का?

उत्तर : उलटू शकते, परंतु ज्या दोन गोष्टींमुळे ते उलटेल त्या दोन्ही आज तरी आपल्या हातात आहेत, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो आणि भरपाईकडे नंतर वळतो.

पहिली गोष्ट म्हणजे, ब्रेकची तपासणी होईपर्यंत ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढू नये. ज्या दोषामुळे वाहन धोकादायक ठरते तो दोष ठाऊक असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता अशा स्थितीत, वाहन चालवणे अथवा दुसऱ्याला चालवू देणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम १९० खाली गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला १,५०० रुपये दंड आहे, आणि अशा दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड होऊ शकतो. गॅरेजला दोष कळवला होता हे सिद्ध करण्यासाठी आपण जे व्हॉट्सॲप संदेश पुढे कराल, तेच संदेश तो दोष आपल्यालाही ठाऊक होता हे सिद्ध करतील. गाडी जोवर घरी उभी आहे तोवर हा पुरावा गॅरेजविरुद्धच चालतो. ती महामार्गावर गेली की तो दोघांविरुद्ध चालू लागतो.

दुसरी गोष्ट नोंदणीची, आणि ती जरा विस्ताराने समजून घ्यावी लागेल. कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेला तपशील आणि आर.सी.तील तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हा नियम स्पष्ट शब्दांत उचलून धरला. दुचाकीची तीनचाकी करणे हा तर बदलाचा टोकाचा प्रकार झाला. कलम १८२अ (४) खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गॅरेजचा वकील पहिल्याच तारखेला हे कलम पुढे करील आणि म्हणेल की, तक्रारदाराने स्वतःच बेकायदा काम सांगितले, तेव्हा बेकायदा करारावर त्याला दाद मागता येणार नाही.

हा बचाव आपल्या बाबतीत टिकू नये असे मला वाटते, आणि त्याचे कारण आपले दिव्यांगत्व हे आहे. कलम ५२ (२) हे याच कलमाच्या पहिल्या पोटकलमाला दिलेला अपवाद आहे. शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीसाठी वाहनात बदल करून ते ‘अनुकूलित वाहन’ करून घेण्याची मुभा त्यात दिलेली असून, नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता नंतर घेतली तरी चालते, असे २०१९च्या दुरुस्तीने त्यात घातले गेले. म्हणजे आपण गॅरेजला जे काम दिले ते मुळातच निषिद्ध नव्हते. ते विहित अटींना धरून व्हावे आणि त्यावर मान्यतेची मोहोर उमटावी, एवढेच बाकी होते. धडधाकट माणसाने हौसेखातर अशी गाडी करून घेऊन मला हाच प्रश्न विचारला असता, तर माझे उत्तर बरेच निराशाजनक असते.

तथापि, या अपवादाला एक काटा आहे आणि आपल्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्यात आपण नेमके त्यावरच पाऊल ठेवले आहे. अधिनियमाच्या व्याख्येनुसार अनुकूलित वाहन केवळ त्या दिव्यांग व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरलेले असले पाहिजे. पुतण्या स्वतःच्या कामासाठी गाडी नेत असेल तर ते आजच थांबवा. आपला वाहन परवानाही अनुकूलित वाहनासाठी आहे ना, हे पाहून घ्या. नसेल तर त्याचा अर्ज याच वेळी करावा.

विनापरवानगी केलेला बदल १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावा लागतो. ती मुदत टळली आहे, म्हणून बोरिवली परिवहन कार्यालयात (एमएच-४७) अर्ज करताना उशिराचे खरे कारण लिहावे, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, गॅरेजचे बिल व आर.सी. सोबत जोडावी. मात्र ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय गाडी तपासणीसाठी नेऊ नये, कारण सार्वजनिक वापरास धोकादायक वाटणाऱ्या वाहनाची नोंदणी कलम ५३ खाली निलंबित करता येते. अर्ज आधी दाखल करून, ब्रेकच्या दोषामुळे तपासणीची तारीख पुढची मिळावी, अशी लेखी विनंती त्यातच करावी.

आता ब्रेककडे येतो. मी मेकॅनिक नाही, परंतु असे दावे ज्या सर्व्हेअरांच्या, म्हणजे वाहनाची तांत्रिक तपासणी करणाऱ्यांच्या, अहवालांवर ठरतात ते अहवाल पुष्कळ वाचले आहेत, आणि त्यावरून एवढे निश्चित सांगतो की ‘ब्रेक तापतात’ एवढ्या वाक्यावर कोणताही आयोग पैसे परत करायला लावत नाही. ते का तापतात यावर जबाबदारी कोणाची हे ठरते.

तीन शक्यता आहेत. एक म्हणजे, मागच्या जोडकामामुळे गाडीचे वजन वाढले आणि मागचे ब्रेक नीट लागत नाहीत, त्यामुळे दुचाकीच्या मापाची पुढची डिस्क एकटीच सगळा भार ओढते. हा रचनेचा दोष झाला आणि तो सर्वस्वी गॅरेजचा. दुसरी शक्यता अशी की, लिव्हर सोडल्यावरही लाइनमधला दाब उतरत नाही. मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेकचे तेल परत त्याच्या टाकीत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते आणि ते उघडे राहावे म्हणून लिव्हरला थोडी मोकळी हालचाल ठेवावी लागते. एका कॅलिपरसाठी (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागासाठी) बनवलेल्या मास्टर सिलिंडरला मागची लाइनही जोडली की लिव्हर खोल जाऊ लागते, आणि ती वर आणण्यासाठी कोणी ही मोकळी हालचालच काढून टाकली तर छिद्र बंद राहते. तेल तापून प्रसरण पावते, त्याला परतीची वाट नसते, पॅड डिस्कला आणखी घट्ट धरतात आणि अखेर चाक जाम होते. गार झाल्यावर मोकळे होते. आपण लिहिलेली लक्षणे या वर्णनाशी बरीच जुळतात. हा जोडणीचा दोष, म्हणजे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९च्या अर्थाने सेवेतील त्रुटी. तिसरी शक्यता, कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या असतील. त्या रूपांतराच्या आधीपासूनच अडकत होत्या असे दिसले, तर गॅरेज देखभालीचे खापर आपल्यावर फोडील आणि त्यात त्याला काही अंशी यश येईल.

दुसरी आणि तिसरी शक्यता वेगळी करण्याची चाचणी सोपी आहे. चाक जाम असताना कॅलिपरवरचा ब्लीडिंगचा (तेल बाहेर सोडण्याचा) निपल किंचित उघडला आणि चाक लगेच मोकळे झाले, तर दाब वरच्या बाजूला, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये किंवा होजमध्ये (तेलाच्या नळीत) अडकलेला होता. मोकळे झाले नाही, तर कॅलिपरच अडकला आहे. ‘ब्रेक दाबून चालवता’ या आरोपाचाही निकाल असाच लागतो. बंद आवारात ब्रेकला हात न लावता गाडी थोडी फिरवून डिस्कचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. लिव्हरला स्पर्शही न करता डिस्क तापत असेल, तर चालवण्याच्या सवयीचा मुद्दा तिथेच संपतो. तेलाची तपासणीही करून घ्यावी. डॉट ४ प्रतीच्या नव्या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी शोषलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि तेल उकळले की लिव्हर दाबूनही ब्रेक लागत नाही.

यांपैकी एकही चाचणी आपण स्वतः करू नका आणि गॅरेजलाही एकट्याला करू देऊ नका. निपल एकदा उघडला, लिव्हरचा स्क्रू एकदा फिरवला की मूळ अवस्थेचा पुरावा नाहीसा होतो. गॅरेजवाल्याची फुकट दुरुस्तीची तयारी याच कारणाने मला संशयास्पद वाटते, आणि ‘तक्रार नाही’ ही चिठ्ठी तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. विमा नियामकाचा परवाना असलेला स्वतंत्र मोटार सर्व्हेअर नेमा. तपासणीचा दिवस, वेळ व ठिकाण गॅरेजला किमान आठवडाभर आधी लेखी कळवा आणि हजर राहण्याचे निमंत्रण द्या. ते आले नाहीत तर तसे अहवालात नमूद होईल. संपूर्ण तपासणीचे चित्रीकरण करा, काढलेले पॅड नीट जपून ठेवा, आणि ज्या फोनवर संदेश आहेत तो विकू किंवा रीसेट करू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ खाली असे संदेश पुरावा म्हणून देताना जे प्रमाणपत्र लागते त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेले बरे.

अहवाल हाती आला की स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. तिच्यात गॅरेजला एका गोष्टीची जाणीव अवश्य करून द्यावी: मोटार वाहन अधिनियमातील ‘डीलर’ या व्याख्येत वाहनदुरुस्तीचा व्यवसाय करणाराही येतो, आणि नियमांचे उल्लंघन होईल असा बदल करणाऱ्या डीलरला कलम १८२अ (१) खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड होऊ शकतो. कायदा मोडल्याचा मुद्दा त्यांनी काढलाच, तर त्याची मोठी किंमत त्यांनाच मोजावी लागेल. माझ्या अनुभवात नोटिशीतला एवढा परिच्छेद वाचून पुष्कळ गॅरेजवाले बोलणी करायला तयार होतात.

तरीही दाद मिळाली नाही, तर गॅरेज पनवेलला असले तरी आपण कांदिवलीला राहत असल्यामुळे कलम ३४ प्रमाणे मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे वांद्रे पूर्वेलाच, तक्रार करता येईल. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. ती गाडी ताब्यात घेतल्याच्या दिवसापासून मोजावी, शेवटचे पॅड बदलल्यापासून नव्हे. मागणीत रूपांतराचे १,३५,००० रुपये, सर्व्हेअरची फी, गाडी बंद असताना झालेला रिक्षा-टॅक्सीचा पावतीसह खर्च आणि मानसिक त्रासाची माफक रक्कम मागा. फुगवलेल्या आकड्यांनी खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. बेकायदा कराराचा बचाव आलाच, तर भारतीय करार अधिनियमाचे कलम ६५ पर्यायी आधार म्हणून तक्रारीतच नमूद करून ठेवा: करार शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक, असल्याचे आढळून आले तर त्याखाली ज्याने लाभ घेतला त्याला तो परत करावा लागतो. मूळ मोटारसायकल कंपनीला पक्षकार करण्याची गरज मला दिसत नाही. तिचा दोष कुठेच दिसत नसताना तिला ओढले तर फक्त तारखा वाढतील.

विमा कंपनीला आपण हा बदल कळवल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. तो आजच लेखी कळवून पॉलिसीवर नोंद मागा. न कळवलेल्या बदलावरून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. नोंद करण्यास कंपनीने नकार दिला तर ते पत्रही तक्रारीला जोडा, कारण परिवहन कार्यालयाच्या मान्यतेला बसेल असे काम करून न दिल्याचा तो आणखी एक परिणाम आहे, आणि भरपाई ठरवताना आयोगासमोर तो असायला हवा.