२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले. त्याआधी १८ टक्के जीएसटी भरून घेतलेला माल आता कोणत्या दराने विकायचा?

नव्याच दराने. माल कधी घेतलात ते नाही, विक्री कधी झाली ते बघतात. शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल तुम्ही १८ टक्के भरून आणलं असलं तरी आज बिल ५ टक्क्यांचंच फाडायचं. आधी भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळणारी वजावट, बुडत नाही. ते पुढच्या विक्रीवरच्या जीएसटीपोटी वापरता येतं. फक्त दर उतरला म्हणून साठलेल्या क्रेडिटचा परतावा मात्र मिळत नाही, आणि छोट्या दुकानदाराचे पैसे अडकतात ते इथेच.

वह्या, पेन्सिली ठेवत असाल तर जरा जपून. त्या १२ वरून थेट शून्यावर आल्या, त्यामुळे २२ तारखेला शिल्लक असलेल्या मालावरचं क्रेडिट उलटवावं, म्हणजे सरकारला परत करावं लागतं. बिलिंग सॉफ्टवेअरमधले दर एकदा तपासून घ्या.