वाचकांचे प्रश्न : सातवीतला नातू आणि सामाजिक विज्ञानाचे पुस्तक

प्रश्न : माझा नातू इंदूरच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. घरी आम्ही मराठी बोलतो. तोंडी विचारले तर तो चटपटीत उत्तरे देतो, परंतु पुस्तक हाती घेतले की अडखळतो, लिहिताना दोन ओळींच्या पुढे जात नाही आणि सामाजिक विज्ञानात जेमतेम उत्तीर्ण होतो. शिकवणीत उत्तरे उतरवून देतात आणि पाठ करायला सांगतात. मी शिक्षिका नाही, पण रोज संध्याकाळी अर्धा तास देऊ शकते. सुरुवात कोठून करावी?
— एक आजी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : तोंडी विचारले तर तो चटपटीत उत्तरे देतो, हे आपण लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे, तरीही एकदा खात्री करून घ्यावी. सामाजिक विज्ञानाच्या पुस्तकातील एक परिच्छेद त्याला मोठ्याने वाचू द्यावा आणि मध्ये न टोकता, जेथे तो अडखळेल त्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक टिंब देत जावे. दुसऱ्या दिवशी पुढचा परिच्छेद आपण वाचून दाखवावा आणि काय कळले ते त्याला मराठीत सांगू द्यावे. ऐकून कळते पण वाचून कळत नाही, असे आढळले तर अडचण बहुधा अक्षरे जुळवण्यात आहे. ऐकूनही कळत नसेल तर ती शब्दांच्या अर्थात आहे. पुष्कळ मुलांच्या बाबतीत दोन्ही थोडे थोडे असते.

अक्षरांची अडचण बहुतेक जोडाक्षरे, रफार आणि लांबलचक शब्द यांच्यापाशी येते. ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द पेन्सिलीच्या रेघांनी प्रति, निधि, त्व असा तोडून दाखवला की त्याची भीती कमी होते. एक वाक्य आपण वाचावे, मागोमाग तेच त्याने बोट फिरवत वाचावे, आणि तोच परिच्छेद तीन दिवस पुन्हा घ्यावा. यासाठी खालच्या इयत्तेचे पुस्तक आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बारा वर्षांच्या मुलाला चिऊकाऊच्या गोष्टी वाचायला लावणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय.

अर्थाची अडचण आपल्याकडच्या मराठी मुलांना जरा निराळ्या तऱ्हेने छळते. लिपी तीच, शब्दही तोच, अर्थ मात्र दुसरा. ‘शिक्षा का अधिकार’ म्हणजे काय, असे विचारल्यावर एका मुलाने मला निरागसपणे सांगितले होते, “सरांना मारायचा हक्क.” चेष्टा, संसार, राजीनामा हे शब्दही असेच फसवतात, हिंदीत त्यांचे अर्थ प्रयत्न, जग आणि तडजोड असे होतात. ‘उत्तराधिकारी’ म्हणजे उत्तरेकडचा अधिकारी, असेही मी ऐकले आहे. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून, घरातला अर्थ आणि पुस्तकातला अर्थ असे शब्द त्यालाच जमवू द्यावेत.

तो ‘उत्तराधिकारी’ म्हणजे वारस हा शब्द पक्का करण्यासाठी होळकरांचाच इतिहास हाताशी आहे. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले, मल्हारराव १७६६ मध्ये वारले आणि नातू मालेराव १७६७ मध्ये; त्यानंतर राज्याची सूत्रे अहिल्याबाईंकडे आली, ती १७९५ पर्यंत. एक सुतळी बांधून, दर वर्षाला एक बोट अंतर धरून, या चार सालांचे कागद कपड्यांच्या चिमट्यांनी त्यावर लावावेत. पहिल्या दोन चिमट्यांत बारा बोटे, पुढच्या दोघांत अवघे एकच बोट, आणि शेवटी अठ्ठावीस बोटांची लांब दोरी. एका वर्षात घरात काय कोसळले असेल, हा प्रश्न मग मूल आपणहून विचारते, आणि सनावळी पाठ करण्याची गरज पुष्कळ कमी होते.

लेखन याच सुतळीपासून सुरू करावे. आधी त्याने मराठीत सांगावे आणि मग आपण हिंदीत अर्धे वाक्य लिहून द्यावे : ‘खंडेराव उत्तराधिकारी नहीं बन सके, क्योंकि’… पुढचे त्याने पूर्ण करावे. मग ‘लेकिन’ आणि ‘इसलिए’ यांनी तसेच वाक्य करून घ्यावे. अशी तीन वाक्ये ओळीने लिहिली की परीक्षेतल्या लघुउत्तरी प्रश्नाचे उत्तर तयार होते आणि ते त्याचे स्वतःचे असते. शिकवणीतली उतरवून दिलेली उत्तरे तूर्त बाजूला ठेवली तरी चालेल.

डोळे आणि कान मात्र आधीच तपासून घ्यावेत. काही महिने नेमाने सराव करूनही अक्षरे जुळत नसतील तर तज्ज्ञांकडून तपासणी करावी; २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे तसे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जास्तीचा वेळ किंवा लेखनिक मागता येतो.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. ती हिंदीच्या वहीत ‘पाणी’ लिहिते आणि मला मराठीत चिठ्ठी लिहिताना ‘पानी’. इतिहासाच्या उत्तरातही अशा चुका असतात. प्रत्येक चूक दुरुस्त करावी का?
— एक आई, टिळकनगर, इंदूर

उत्तर : इतिहासाचे उत्तर तपासताना आधी घटना आणि कारणे बरोबर आहेत का, एवढेच पाहावे, सगळी वही लाल केली तर पुढच्या वेळी ती कमी लिहील. ण आणि न यांच्यासाठी आठवड्यातून एक वेगळा दिवस ठेवावा आणि पाणी-पानी, राणी-रानी असे शब्द तिलाच मोठ्याने उच्चारून दोन्ही भाषांच्या रकान्यांत मांडू द्यावेत. आपल्याला आलेल्या चिठ्ठीचे उत्तर मात्र चिठ्ठीनेच द्यावे, आणि त्यात ‘पाणी’ शब्द सहज दोनदा यावा.