दिवाळीत फराळ आणि भेटी देणाऱ्यांचे आभार, कचरा न वाढवता, कसे मानावेत?

सगळ्यात चांगला मार्ग आपल्याकडे आधीपासूनच आहे: फराळाचा डबा रिकामा परत करायचा नाही. त्यात महागडं काही नको. तेव्हा बाजारात आवळे यायला लागतात, म्हणून मोरावळा किंवा आवळासुपारी उत्तम. नाहीतर घरचं लिंबाचं लोणचं. सोबत जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी हाताने लिहा, आणि नेमक्या लिहा. "काकू, चकल्या इतक्या खुसखुशीत होत्या की आजीने दोनदा मागून घेतल्या" हे वाचून काकूंना जो आनंद होईल, तो नुसत्या "धन्यवाद"ने होणार नाही. चमकी लावलेली किंवा प्लास्टिकचा थर असलेली कार्डं मात्र टाळाच; ती रद्दीत चालत नाहीत.

शेजाऱ्यांना तुळशीचं रोपही देता येईल. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं असतात, म्हणजे वेळही अगदी योग्य. पावसाळ्यात कुंडीत मंजिऱ्यांतून आपोआप उगवलेली रोपं नारळाच्या करवंटीत लावा. तळाला भोक पाडायला विसरू नका, नाहीतर मुळं कुजतात.

परगावच्या नातेवाइकांना साधं पोस्टकार्ड पाठवा. पाकीटसुद्धा लागत नाही.