टर्किश सिनेमातला पुरुष एवढा अवघडलेला का?

प्रश्न: हिंदीत डब केलेल्या टर्किश सिरियल बघून मला तिथल्या हिरोंची सवय झालीये, रुबाबदार, संशयी आणि प्रेमात जीव टाकणारे. पण परवा टर्किश दिग्दर्शक नुरी बिल्गे जेलानचा 'उझाक' पाहिला आणि त्यातले पुरुष बाईशी दोन वाक्यं धड बोलत नाहीत. सेन्सॉरमुळे असं दाखवतात का? – एक वाचक, सांगली

उत्तर: सेन्सॉरचा नाही हो प्रश्न. १९७० च्या दशकात टीव्ही घरोघरी आल्यावर रिकामी पडलेली थिएटरं भरायला तिथे सेक्स कॉमेड्यांची लाट आली होती, ती १९८० च्या लष्करी उठावानंतर थांबली, म्हणजे पडद्यावर अंग दाखवणं टर्कीला नवीन नाहीये. जेलान वेगळंच दाखवतो, इच्छा आहे पण ती बोलून दाखवली तर आपला पुरुषीपणा उघडा पडेल अशी भीती.

'उझाक' (२००२) मधला तो सीन आठवा, इस्तंबूलचा फोटोग्राफर महमूत गावाकडून आलेल्या युसुफसोबत तारकोव्हस्की या रशियन दिग्दर्शकाचा संथ सिनेमा बघत बसतो, युसुफ कंटाळून झोपायला गेला की हा हळूच पॉर्नची कॅसेट लावतो आणि युसुफ परत बाहेर आला की घाईघाईत चॅनल बदलतो. घर स्वतःचं, वय चाळिशीचं, आणि चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा! मला विचाराल तर अख्ख्या सिनेमात त्याच्या पुरुषीपणाबद्दल याहून नेमकं काही नाही. तिकडे युसुफ बर्फातून बायकांच्या मागे मागे फिरतो, बोलत मात्र एकीशीही नाही. दोघांच्या शिक्षणात, पैशात एवढा फरक, पण घोळ सेम. या दोन्ही नटांना २००३ मध्ये फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये बेस्ट अॅक्टर विभागून मिळालं, युसुफ झालेला मेहमेत एमीन टोप्राक त्याआधीच अपघातात गेला होता.

'इक्लिमलेर' (२००६) मध्ये तर जेलान स्वतःच हिरो आहे, जोडीदारणीच्या भूमिकेत त्याची खरीखुरी बायको. त्यात हा जुन्या मैत्रिणीकडे जातो आणि जमिनीवर पडलेला दाणा तिनं खाल्लाच पाहिजे म्हणून हट्टाला पेटतो, त्यातून जी झटापट होते ती बघताना याला सुख हवंय की फक्त जिंकायचंय तेच कळत नाही, आणि बघवतही नाही.

झेकी देमिरकुबुझच्या 'कादेर'मध्ये उलटं, तिथला बेकिर घरदार, बायकापोरं टाकून एका बाईच्या मागे शहरोशहरी फिरतो आणि ती तुरुंगातल्या तिसऱ्याच माणसाच्या मागे. तुमच्या सिरियलवाल्या हिरोचाच हा भाऊ, फक्त मागे म्युझिक नाही.

आणि एमिन आल्पेरचा 'कुराक गुनलेर' (२०२२) नक्की बघा. छोट्या गावात आलेला तरुण सरकारी वकील, दारूची पार्टी, रानडुकराची शिकार, आणि त्याचं एका पुरुष पत्रकाराशी काहीतरी आहे अशी गावभर कुजबुज. दोघांत नक्की काय आहे ते सिनेमा स्पष्ट सांगत नाही, पण गावातल्या पुरुषांना तेवढं पुरतं. स्क्रिप्ट बदलल्याचं कारण देऊन सांस्कृतिक मंत्रालयानं या सिनेमाला दिलेलं अनुदान व्याजासकट परत मागितलं, तेव्हा तुमचा सेन्सॉरचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही म्हणा, कात्री दुसरीकडून लागते एवढंच.