साखरपुड्याआधी लेझरचं पॅकेज? जरा थांब

"आजच पूर्ण पैसे भरा, 40 टक्के सूट, साखरपुड्यापर्यंत गाल गुळगुळीत" असं तुला मुरुमांच्या खड्ड्यांसाठी कल्याणच्या क्लिनिकमध्ये गेल्यावर सांगितलं, ही तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका चकचकीत ठिकाणी मला शब्द न् शब्द हेच ऐकवलं होतं. मी वयाने मोठी असणार असं धरून अरे-तुरे करतेय. मी डॉक्टर नाही, फक्त पोळलेली पेशंट आहे.

तिथे माझा चेहरा तपासला तो काउन्सेलर बाईंनी. पांढरा कोट, गोड बोलणं, हातात रेटकार्ड. डॉक्टर उगवले ते थेट मशीन चालवायला. कुणी गाल ताणून पाहिला नाही की खिडकीकडे वळवून पाहिला नाही. हनुवटीवर पिकलेले फोड होते, तरी फ्रॅक्शनल सीओटू लेझर (कातडीला बारीक ठिपक्याठिपक्यांनी भाजणारं) मारलं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला जास्त ऊर्जेचं लेझर झेपलं नाही की काळे डाग पडतात, ही साधी गोष्ट त्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. खड्डे होते तिथेच राहिले आणि वर जाळीसारखे काळे ठिपके आले. "नॉर्मल आहे मॅडम, पुढच्या सिटिंगला जाईल." पुढचं सिटिंग नको, उरलेले पैसे द्या म्हटल्यावर मॅनेजर कायम रजेवर, हेड ऑफिसला मेल करा, आणि शेवटी पावतीमागची बारीक अक्षरं. तुझे पैसे आधीच अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन कर. क्लिनिकच्या पायऱ्या झिजवू नकोस.

आता मुद्दा. डाग आणि खड्डे वेगळे. सपाट तपकिरी डाग सनस्क्रीन, अझेलेइक अ‍ॅसिड, अ‍ॅडापलीन या लावायच्या औषधांनी हळूहळू फिके होतात. खड्ड्यांना क्रीम पुरत नाही, जाहिरात काहीही म्हणो. खड्ड्यांतही जाती आहेत. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतील तर टीसीए क्रॉस, म्हणजे तीव्र अ‍ॅसिडचा थेंब नेमका खड्ड्यात. गाल ताणल्यावर जवळजवळ दिसेनासे होणारे, लाटांसारखे असतील तर आतून ओढून धरणारे तंतू सुईने सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. कडा उभ्या असलेल्यांना मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी टोचणं, किंवा लेझर. बहुतेकांच्या गालावर सगळ्यांची भेळ असते, म्हणून एकाच मशीनचं पॅकेज विकणाऱ्यावर माझा भरवसा नाही. आणि यातलं काहीच शंभर टक्के भरून येत नाही. बरंच उथळ झालं तरी मिळवलं.

ऑनलाइन मिळणारं टीसीए आणि घरी फिरवायचा सुयांचा डर्मारोलर, दोन्हीला हात लावू नकोस. मेडिकलवाल्याने दिलेलं 'गोरेपणाचं' क्रीम तर नकोच, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं.

मुंबईतल्या केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांच्या त्वचा विभागात केसपेपर काढून आधी निदान करून घे. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते. खाजगीत गेलास तर पाटीवर त्वचारोगाची एमडी पदवी किंवा डीडीव्हीएल पदविका आहे का बघ आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक माग. माझ्या मते क्रमांक द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून उठून यावं.

साखरपुडा दोन महिन्यांवर आहे म्हणतोस. खड्ड्यांत नवं कोलॅजन (कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन) भरायला महिनोन्महिने लागतात, त्यामुळे तोवर फार फरक दिसणार नाही. उलट ऐन समारंभात सुजलेले, काळवंडलेले गाल घेऊन उभा राहशील. तोवर फोड आटोक्यात आण आणि रोज सनस्क्रीन लाव. लोकलच्या दारात उभा राहणारा असशील तर दुपारी पुन्हा लाव. रंग मिसळलेलं, आयर्न ऑक्साइड असलेलं घेतलंस तर डागांना जास्त उपयोगी.

मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का तुझ्या? असतील तर काहीही करण्याआधी डॉक्टरांना सांग, आणि इथेही लिही.