बायपास झाली, तरी दुखतंच

"बायपास झाली, गोळ्या चालू आहेत, तरी थोडं चाललं की छातीत भरून येतं. म्हणजे पुढचा अटॅक ठरलेलाच ना?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. विचारणारा बहुधा मुलगा किंवा सून असते. ज्याला दुखतं तो शेजारी गप्प बसलेला असतो. नागपूरच्या जुनी शुक्रवारीतले एक काका असेच गप्प होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काका वीज मंडळात लाइनमन होते. उभं आयुष्य खांबावर चढण्यात गेलेलं. बायपासनंतर काही वर्षं बरी गेली आणि मग दुखणं पुन्हा सुरू झालं. अँजिओग्राफीत बारीक रक्तवाहिन्यांमध्ये ब्लॉक दिसले. तिथे स्टेंट बसत नाही, पुन्हा बायपासचाही उपयोग नाही, औषधांवर राहू, असं हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलं. काकांनी त्यातून एवढंच ऐकलं, की डॉक्टरांनी हात वर केले. गांधीसागर तलावाची सकाळची फेरी बंद झाली, मग जिना बंद झाला, मग ते रात्री खुर्चीतच झोपू लागले. काकूंचं दिवसभर एकच चालू, "दुखून तर नाही राहिलं ना?"

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. औषधांचे प्रश्न मी तज्ज्ञांकडेच परत पाठवते. पण दुखणं आणि अटॅक या दोन गोष्टी मनात वेगळ्या होईपर्यंत समुपदेशन पुढे सरकत नाही, म्हणून सुरुवात तिथून केली. चालताना, चढताना, रागावताना हृदयाला जास्त रक्त लागतं आणि अरुंद वाहिन्यांतून ते पुरत नाही, तेव्हा छाती दुखते. हा अंजायना. थांबलं की काही मिनिटांत मागणी कमी होते, दुखणं ओसरतं. स्नायू मेलेला नसतो. अटॅकमध्ये वाहिनी बंद पडते आणि स्नायू मरायला लागतो. काका पहिल्यांदाच सरळ बसले. म्हणाले, "म्हणजे मॅडम, लोड वाढला की व्होल्टेज पडते. तार जळली नाही." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

मग वही सुरू केली. केव्हा दुखलं, तेव्हा काय चाललं होतं, जेवण होऊन किती वेळ झाला होता, किती मिनिटांत थांबलं. तीन आठवड्यांनी वही उघडली तर दुखणं मुळीच बेभरवशाचं नव्हतं. जेवणावर लगेच उठून केलेलं काम, डिसेंबरातली पहाटेची गार हवा, पाण्याची कॅन उचलणं आणि धाकट्या मुलाशी प्लॉटवरून होणारे वाद. शेवटची नोंद वाचताना मुलगा खाली बघत होता. भीती हीसुद्धा त्यातलीच. घाबरलं की ठोके आणि रक्तदाब वाढतो, हृदयाची मागणी वाढते आणि खरंच दुखायला लागतं. काकूंच्या काळजीपोटीच्या प्रश्नाने तेच होत होतं.

सॉर्बिट्रेटची, म्हणजे छाती दुखली की जिभेखाली ठेवायच्या नायट्रेट गटातल्या गोळ्यांची, बाटली होती, पण कपाटात. "सवय लागून जाईल, मग खऱ्या वेळी काम नाही करणार," असं काकांना वाटे. हा समज मला फार घरांत भेटतो आणि त्यापायी माणसं विनाकारण कळा सोसतात. दिवसभर चालणाऱ्या नायट्रेटच्या गोळ्यांचा असर सतत घेतल्याने कमी होतो, म्हणून डॉक्टर त्यांच्या वेळांत मुद्दाम अंतर ठेवतात. गैरसमजाचं मूळ बहुधा तिथेच असावं. लागेल तेव्हा जिभेखाली ठेवायच्या गोळीची सवय लागत नाही. ती बसून घ्यायची, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. काकांच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: थांबा, बसा, गोळी जिभेखाली, पाच मिनिटांत दुखणं उतरलं नाही किंवा वाढलं तर १०८, स्कूटरवर बसून दवाखाना गाठायचा नाही. आणि बसल्या जागी किंवा झोपेत दुखू लागलं, पूर्वीपेक्षा कमी श्रमात किंवा जास्त वेळ दुखू लागलं, तर त्याच दिवशी दाखवायचं. तो कागद फ्रिजवर लागला.

मुलगा प्लॉट विकून काकांना मोठ्या उपचारासाठी दुसऱ्या शहरात नेण्याच्या गोष्टी करत होता. त्याला मी 'इस्केमिया' या अभ्यासाबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगितलं. ३७ देशांतल्या पाच हजारांहून अधिक स्थिर रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये मांडले गेले. सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने, नीट औषधं घेणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. दुखणं मात्र कमी झालं. औषधांवर ठेवणं हाही उपचारच, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर घर थोडं शांत झालं.

चालणं डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू झालं. ऊन पडल्यावर, सपाट रस्त्याने, दुखायच्या आत थांबायचं. अंजायनाचं पहिलं नीट वर्णन करणारे अठराव्या शतकातले इंग्रज डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी रोज अर्धा तास लाकूड कापून जवळजवळ बरा झालेला एक रुग्ण नोंदवून ठेवला आहे. काकांना ही गोष्ट फार आवडली.

एकदा काकू बाहेर गेल्यावर काकांनी हळूच नवराबायकोच्या संबंधांबद्दल विचारलं. हा प्रश्न मनात असलेले खूप जण असतात, विचारणारे थोडे. बहुतेक स्थिर रुग्णांना ते वर्ज्य नसतं, डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, असं सांगितलं. पण सिल्डेनाफिलसारखी ताकदीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही. नायट्रेटसोबत रक्तदाब जीवघेणा कोसळतो.

काकांना आजही दुखतं. तलावाची अर्धी फेरी होते, बाटली खिशात असते, झोप पलंगावर. काकू मात्र अजून रात्री उठून त्यांचा श्वास बघतात. म्हणून आता त्यांच्याशी वेगळं बोलणं सुरू केलंय, आणि काही दिवस काकांच्या खोलीत मुलाने झोपावं, असं तिघांनी मिळून ठरवलंय.